एकोणतीसला थांबवलेली कॅसेट

मला राग लवकर येतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी येतो, तेव्हा तर तो नाकाच्या शेंड्यावरच असायचा. आमच्या शाळेत रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आला त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी एकटी तोंड वाकडं करून उभी होते, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

शाळा हैदराबादेतल्या गौलीगुड्यातली, मराठी माध्यमाची. खिडकी उघडली की बसस्टँडाचा गोंगाट सरळ वर्गात. माझे वडील तिथंच शिकले, मीही तिथंच शिकले आणि तिथंच तिसरीच्या वर्गाची बाई झाले. एके काळी आमच्याकडं शहरातल्या जुन्या मराठी घरांतली मुलं यायची, म्हणजे कचेरीतल्या लोकांची, वकिलांची, मास्तरांची. पण मी सांगते आहे त्या दिवसांत देश खुला झाला होता म्हणे. आमच्या गल्लीत तो असा खुला झाला की या गच्चीवरून त्या गच्चीवर केबलच्या तारा गेल्या, आणि त्याच घरांतली मुलं गळ्यात टाय बांधून इंग्रजी शाळांच्या गाड्यांत चढायला लागली. आमच्याकडं उरली ती बहुतेक मिश्र घरांतली. बाप मराठी तर आई तेलुगू. शेजार दखनी उर्दू बोलणारा. मुलं 'हो' म्हणायच्या जागी 'हौ' म्हणायची, 'नको'ला 'नक्को' म्हणायची, आणि भांडायची मात्र तेलुगूत. मीही घरी हौ-नक्कोच बोलते, पण वर्गात पाय टाकला की माझी मराठी पुण्याची व्हायची. का, ते विचारू नका.

तर शाळेच्या मंडळानं ठरवलं, आपण मागं राहायचं नाही. आबिड्सच्या बाजारातल्या दुकानातून टीव्ही घेतला. आमच्या शिपायानं तो ऑटोत मांडीवर धरून आणला, तान्ह्या बाळाला दवाखान्यातून आणावं तसा. बरोबर पुण्याहून मागवलेली एक गणिताची कॅसेट होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "दर शनिवारी तिसरीला टीव्हीचा तास. तुम्ही घ्यायचा."

"मी काय घेणार त्यात? बटण दाबायचं ना?"

"ते तुम्ही ठरवा. गणित तुमचं आहे."

पहिल्या शनिवारी मी खरंच फक्त बटण दाबलं. टीव्हीवर बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले एक गृहस्थ आले. समोर टेबल, टेबलावर काड्यांच्या जुड्या. गोड आवाजात म्हणाले, "मुलांनो, सांगा बरं, या किती काड्या?" आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "बरोबर! शाब्बास!"

अहो, कुणी उत्तरच दिलं नव्हतं! पुढचा प्रश्न. पुन्हा दोन श्वासांची उसंत, आणि पुन्हा "बरोबर! शाब्बास!" वीस मिनिटं हे असंच. माझी पोरं खूश. तास संपल्यावर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, बरोबर, शाब्बास, बरोबर, शाब्बास करत बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी... नव्हे, रविवार होता, सोमवारी मी विचारलं, काय काय शिकलात? एकानं सांगितलं, स्वेटर निळा होता. दुसऱ्यानं सांगितलं, त्या काकांच्या हातात घड्याळ होतं, पण उलट्या हातात. झालं. माझा तर कपाळावर हात गेला.

पण मी मोठ्या बाईंकडं जाऊन काही बोलले नाही, कारण मला मनातून बरंच वाटलं होतं. म्हटलं, बघा, डबा काही बाईची जागा घेत नाही. माझी स्वतःची एक पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. मी गणितं फळ्यावर लिहायची नाही. तोंडानं सांगायची, मुलांनी वहीत उतरवून घ्यायची आणि सोडवायची. फळ्यावरचं बघून उतरवायला काय, माकडही उतरवेल. ऐकून उतरवलं तर कान तयार होतो, असं माझं म्हणणं. वार्षिक परीक्षेची दहा गणितंसुद्धा मी अशीच सांगायची. आणि त्यांत नऊ एककाच्या संख्या मुद्दाम पेरायची. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी. नऊ आला की हातचा येतो, हातचा आला की पोर घसरतं, आणि कोण पाण्यात आहे नि कोण काठावर ते लगेच कळतं. मंडळातले लोक म्हणायचे, तिसरीच्या बाईंचा वर्ग म्हणजे पक्का. मी मान खाली घालून ऐकायची आणि आतून फुगायची.

त्या पक्क्या वर्गात एक मुलगी दुसऱ्यांदा बसली होती. मागच्या वर्षी गणितात नापास. नऊ वर्षांची, दोन वेण्या, वेण्यांना रोज मोगऱ्याचा किंवा कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा गजरा, कारण आई तेलुगू. वडील सिकंदराबादला रेल्वेच्या कारखान्यात कामाला. मुलगी बोलायला गोड, वाचायला चांगली, कविता धडाधड पाठ. पाढे पाठ. एक ते शंभर म्हणायला सांगा, एका दमात म्हणून दाखवायची, कुठं अडखळणं नाही. आणि गणित सांगितलं की उतरवायलाच चुकायची. मी एकोणतीस सांगावं, हिनं एकोणचाळीस लिहावं. मी एकोणसाठ सांगावं, हिनं एकोणसत्तर लिहावं. संख्याच चुकीची उतरवली की मी पुढचं बघायची नाही. अख्ख्या गणितावर काट मारायची आणि समासात लाल शाईनं लिहायची, 'लक्ष नाही'. तिच्या दोन वर्षांच्या वह्या माझ्या त्या दोन शब्दांनी भरल्या होत्या.

सहामाहीत ती पुन्हा नापास झाली. निकाल घ्यायला वडील आले. उंच, थकलेला माणूस, खांद्याला डब्याची पिशवी. उभ्यानंच म्हणाले, "बाई, आता बस झालं. दोन वर्षं झाली एकाच वर्गात. डोक्यात शिरत नाही तर नाही शिरत. संक्रांतीनंतर येऊन दाखला घेऊन जातो."

"कुठं घालणार तिला?"

"कुठं म्हणजे? आजोळी पाठवतो. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही आता. त्यांना सोबत होईल."

"आणि शाळा?"

"तिथं शाळा कुठली बाई. म्हशी आहेत."

मुलगी शेजारीच उभी होती. तिनं रडावं, हट्ट करावा, काहीतरी करावं की नाही? ती गजऱ्यातून निसटलेलं एक फूल पुन्हा खोचत होती. मला तिचा नाही, त्या माणसाचा राग आला, आणि मी म्हटलं, "ठीक आहे, या." इतकंच म्हटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी माझ्या मनात आलं होतं की सुटलो बाई एकदाचे.

आता टीव्हीकडं येते. मोठ्या बाईंना सुगावा लागलाच की शनिवारचा तास म्हणजे नुसता तमाशा चाललाय. त्यांनी बोलावून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "त्या कॅसेटचं तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, "काय करायचं? तो माणूस कुणाचं ऐकूनच घेत नाही." त्या म्हणाल्या, "मग ऐकून घ्यायचं काम तुमचं. त्याच्या दोन वाक्यांच्या मध्ये शिरा." आणि पुढ्यातले कागद चाळायला लागल्या. चडफडत बाहेर आले, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

मग मी दुपारच्या सुट्टीत एकटी बसून ती कॅसेट पाहिली. एकदा, दोनदा, चारदा. शिपायाला बरोबर घेतलं. यंत्राच्या अंगावर आकडे फिरायचे. गृहस्थ प्रश्न विचारतात त्या जागेचा आकडा मी वहीत टिपून घेतला. अशा अकरा जागा निघाल्या. तिथं शिपायानं थांबण्याचं बटण दाबायचं, चित्र गोठायचं, आणि गृहस्थांनी उत्तर द्यायच्या आत मुलांनी द्यायचं. पण एक भानगड होती. आमचं यंत्र पाच मिनिटांच्या वर थांबून राहायचं नाही. पाच मिनिटं झाली की खट् आवाज करून आपलं आपण सुरू व्हायचं आणि गृहस्थ म्हणायचे, बरोबर, शाब्बास. शिपाई म्हणाला, "बाई, इसकू बी तुम्हारे जैसा सबर नहीं है." मेला.

म्हणजे जे काय करायचं ते पाच मिनिटांत. पहिल्यांदा मी मुलांना तोंडानं उत्तर द्यायला लावलं. त्यात पुढच्या बाकावरची तिघं ओरडायची आणि बाकीची त्यांच्या आवाजाखाली लपायची. दुसऱ्या वेळी चिठ्ठ्यांवर लिहायला लावलं, तर पाच मिनिटं पेन्सिलींना टोक करण्यातच गेली. मग मला गृहस्थांच्या काड्या आठवल्या. त्यांच्या टेबलावर काड्या आहेत तर माझ्या पोरांच्या पुढ्यात का नसाव्यात? शिपायानं दोन खराटे मोडले. आम्ही दोघांनी काड्या सारख्या तोडल्या, दहा-दहाच्या जुड्या करून दोऱ्यानं बांधल्या. प्रत्येकाच्या पुढ्यात दहा जुड्या आणि दहा सुट्या. आणि नियम असा की तोंड बंद. उत्तर हातानं. चित्र थांबलं की गृहस्थांनी सांगितलेली संख्या आपापल्या पुढ्यात मांडायची, आणि मी फिरून बघणार.

एवढ्या वर्षांत मुलांच्या उत्तराच्या आधी त्यांचे हात मी कधी पाहिले नव्हते. मला एकदम वह्याच दिसायच्या.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. बाक बाहेर काढलेले, जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर चौतीस पोरं. गृहस्थ म्हणाले, "आता मला एकोणतीस काड्या दाखवा बरं!" शिपायानं बटण दाबलं. गृहस्थ हात वर करून थरथरत उभे राहिले. खोलीत काड्यांची खसखस सुरू झाली आणि मी रांगेतून फिरायला लागले. दोन जुड्या, नऊ सुट्या. दोन जुड्या, नऊ सुट्या. ती दोन वेण्यांची मुलगी भिंतीशी होती. तिच्या पुढ्यात तीन जुड्या आणि नऊ सुट्या, अगदी ओळीत, नीटनेटक्या.

माझ्या तोंडावर शब्द आलेच होते, लक्ष नाही म्हणून. पण लक्ष होतं! समोर दिसत होतं. जीभ बाहेर काढून, एकेक काडी सरळ करत, पोरगी जीव ओतून मांडत होती. इतकं लक्ष वर्गात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मी खाली तिच्या शेजारी बसले. गुडघे दुखायचे माझे तेव्हाही, तरी बसले.

"मोजून दाखव."

तिनं जुड्यांना बोट लावलं आणि हलक्या आवाजात मोजलं, "पदि, इरवै, मुप्पै." मग सुट्या काड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मुप्पै तोम्मिदि."

भाजीवाल्यांशी जन्मभर तेलुगूत घासाघीस केलेली मी. दहा, वीस, तीस. तीस आणि नऊ. मोजणी अचूक होती.

"अगं, पण काकांनी एकोणतीस म्हटलंय ना?"

"हौ बाई. एकोण-तीस." तिनं तीन जुड्यांवर हात ठेवला. "हे तीस." मग सुट्या काड्यांवर ठेवला. "आणि हे एकोण."

"एकोण म्हणजे किती?"

"नऊ." माझ्याकडं तिनं असं पाहिलं की बाईला इतकंही येत नाही. "एकोणीसमध्ये नऊच असतात ना बाई. एकोण आलं की नऊ येतात."

बरोबरच होतं तिचं. तिच्या आईच्या भाषेत तीस आणि नऊ म्हटलं की तीस आणि नऊच असतात. एकोणतीस म्हणजे तिशीला एक कमी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला कुणी सांगितलं होतं? मला आठवेना. मी ते आईच्या कडेवर बसून शिकले असेन. ओळीनं म्हणताना अठ्ठावीसनंतर एकोणतीस तिच्या तोंडून बरोबर येई, कारण ते गाणं होतं. सुटं कानावर पडलं की ती त्याचा अर्थ लावायची. अर्थ लावायची म्हणून चुकायची, आणि मी लिहायची लक्ष नाही.

"आणि नव्याण्णव?" मी विचारलं.

तिनं झटकन नऊ जुड्या, नऊ सुट्या मांडल्या. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, एकोणनव्वद पण हेच असते. नव्याण्णवला दोन नावं आहेत."

खट्. यंत्र सुरू झालं आणि गृहस्थ म्हणाले, बरोबर, शाब्बास. मला हसू येत होतं का रडू, मला समजेना. दारातून शिपाई सगळं ऐकत होता. म्हणाला, "बाई, इसीच उनतीस-उनचालीस में मैं बी बचपन में बहुत मार खाया."

सोमवारी दुपारी मी ऑफिसातलं कपाट उघडून मागच्या वार्षिकचे पेपर काढले. तिचा पेपर सापडला. दहापैकी तीन बरोबर. पास व्हायला चार लागायची. माझ्या लाल काटा बाजूला ठेवल्या आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी काटांच्या खालची गणितं वाचली. मी सांगितलं होतं एकोणतीस अधिक सतरा. तिनं लिहिलं होतं एकोणचाळीस अधिक सतरा, आणि उत्तर छप्पन. हातचा अगदी नेमका डोक्यावर मांडलेला. मी सांगितलं होतं एकोणसाठ वजा चोवीस. तिनं एकोणसत्तरातून चोवीस काढले होते, पंचेचाळीस. बरोबर. एकोणपन्नास आणि एकोणचाळीस मिळवायला सांगितले होते. तिनं त्याहून मोठ्या दोन संख्या मिळवून एकशे आठ काढले होते, जे तिला शिकवलेलंही नव्हतं. ज्या सात गणितांवर मी काट मारली होती, त्या सातही गणितांत मी एकोण पेरला होता. सहा तिनं बिनचूक सोडवली होती. एकात मात्र खरंच हातचा विसरली होती. म्हणजे दहापैकी नऊ.

पोरगी नापास झालीच नव्हती.

पेपर घेऊन मी मोठ्या बाईंकडं गेले. त्यांनी चष्मा लावून सगळा पाहिला, बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "मागचा निकाल आता बदलता यायचा नाही."

"ठाऊक आहे."

"वडिलांना सांगणार?"

"सांगणार."

"शाळेचं नाव खराब होईल."

"माझं होईल," मी म्हटलं. "गणितं तोंडानं मीच सांगितली होती ना."

त्यांनी चष्मा काढला. पेपर परत माझ्या हातात दिला.

त्या आठवड्यात मी कॅसेटचं सगळंच बदललं. अकरा जागांतल्या सात काढून टाकल्या, चारच ठेवल्या. आता गृहस्थांनी एकोणतीस म्हटलं की आधी सगळ्यांनी तीन पूर्ण जुड्या मांडायच्या. मग शेवटची जुडी सोडायची आणि तिच्यातली एक काडी काढून मुठीत लपवायची. "एक उणा," मी म्हणायची. "एकोण म्हणजे एक उणा. एक काढलेला." आधी मी जुना शब्द वापरून म्हटलं होतं, ऊन म्हणजे कमी, तर पोरांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन म्हणजे कमी? हैदराबादेत? तो शब्द सोडला. मुठीतली काडी मात्र सगळ्यांना पटली. आणि त्या मुठी बघताना कळलं की ही एकटी नव्हती. आणखी सहा पोरं अशीच चाचपडत होती, फक्त ती शेजाऱ्याच्या वहीत बघून निभावून न्यायची. ही प्रामाणिक, म्हणून सापडली.

ती मुलगी पहिल्यांदा मूठ मिटून बसली तेव्हा बराच वेळ पुढ्यातल्या काड्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाई, तीस झालेच नाहीत अजून?"

"नाही झाले."

"यायचेत?"

"यायचेत. एकच पाऊल राहिलंय."

"अय्यो," ती म्हणाली, आणि स्वतःशीच इतकी हसली की गजरा सुटला. मग एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकेक संख्या मांडायची, काडी मुठीत घ्यायची आणि मला मूठ दाखवायची. शेजारणीच्या जुड्या मागून घेऊन एकोणनव्वद आणि नव्याण्णव शेजारी शेजारी मांडून तिनं दोन नावांची भानगडही मिटवून टाकली. तो आठवडाभर मी गणित सांगितलं आणि तिचं चुकलं असं झालं नाही.

वडील आले ते नेमके शनिवारी, टीव्हीचा तास चालू असताना. खांद्याला पिशवी, दारात उभे. "बाई, दाखला."

"बसा जरा," मी म्हटलं. "तास संपू द्या." सतरंजीच्या कडेला त्यांना बसवलं. गृहस्थांनी एकोणसाठ काड्या मागितल्या, चित्र थांबलं. चौतीस मुठी मिटल्या. मी वडिलांना म्हटलं, "तुमच्या मुलीचं बघा." त्यांनी वाकून पाहिलं. पाच जुड्या, नऊ सुट्या. त्यांनी पुन्हा मोजलं, ओठ हलवत.

घंटा झाली, पोरं पळाली. मी शिपायाला शेवटच्या जागेवर चित्र थांबवायला सांगितलं, कारण मला वडिलांना सगळं समजावून द्यायचं होतं. तो बटण दाबून पाणी प्यायला गेला. गृहस्थ हात वर करून थरथरत होते. मी मागच्या वर्षीचा पेपर उलगडून सतरंजीवर पसरला. ती मुलगी बापाला टेकून बसली.

मी एकेक गणित दाखवलं. मी काय सांगितलं, तिनं काय ऐकलं, तिनं काय केलं. बोट ठेवून ठेवून दाखवलं. आणि शेवटी म्हटलं, "ही नापास झाली नव्हती. मी केली. हिला येत होतं. मी काय म्हणते आहे ते मीच हिला सांगितलं नव्हतं." आयुष्यात पहिल्यांदा कुण्या पालकापुढं मी अशी बसले होते.

वाटलं, आता हा माणूस ओरडेल. मी तयारच होते. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो पेपरवरच्या लाल अक्षरांकडं बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मी मारलं होतं बाई तिला. निकालाच्या दिवशी. सगळ्यांसमोर."

त्यानं मुलीच्या वेणीवरून हात फिरवला, दोनदा. मग पिशवी उचलली आणि म्हणाला, "दाखला राहू द्या."

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं, निभावलं. मी पेपरची घडी घालायला घेतली, तर त्या मुलीनं त्यावर हात ठेवला. ती सातही काटांवरून बोट नेत होती, एक, दोन, तीन, मराठीत.

"बाई, हे सगळं मला येत होतं?"

"येत होतं."

"मग मी तिसरीत दोनदा का बसले?"

"माझ्यामुळं," मी म्हटलं. "माझं लक्ष नव्हतं."

तिनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. मी चूक कबूल केली होती, आणि तिच्या दृष्टीनं तो भाग संपला होता. आता ती फक्त हिशेब पुरा करत होती, एकेक काडी मोजावी तशी.

"माझ्या सगळ्या मैत्रिणी चौथीत गेल्या," ती म्हणाली. "ते वर्ष आता येणार नाही ना बाई?"

बाप दाराकडं बघत होता. पाच मिनिटं झाली असावीत. खट् आवाज झाला, गृहस्थांचा हात खाली आला, आणि त्या रिकाम्या वर्गात ते गोड आवाजात म्हणाले, "बरोबर! शाब्बास!"

मी उठून टीव्ही बंद केला.